पांढरं पाणी, निळी चिंधी

१

नारायणबागेतलं तळं पांढरं झालं. हिरवं झालं असतं तर कोणी दचकलं नसतं. हिरवं ते दर उन्हाळ्यात व्हायचं आणि ते होऊ नये म्हणूनच तर देवस्थानची सगळी धडपड चालली होती. पण त्या सकाळचं पाणी ताकाच्या निवळीसारखं दिसत होतं. मासे पाण्याबाहेर तोंडं काढून आ वासत होते, पाच-सहा रोहू पोट वर करून तरंगत होते आणि काठावर तळं राखणारा माळी जोतीराम डोक्याला हात लावून बसला होता.

मी या बाळकृष्ण देवस्थानचा चिटणीस, एरवी विमा कचेरीत कारकून. अक्षर बरं आणि कुणाला नाही म्हणायची सवय नाही, एवढ्या दोन गुणांवर सोलापुरात माणूस कुठल्याही संस्थेचा चिटणीस होतो. जोतीरामाची बायको बजाबाई मला बोलवायला आली तेव्हा मी दात घासत होतो.

"बिगी बिगी चला, सायेब. मासं मराया लागल्यात. आनी पंत आमच्या ह्यांच्यावर लई तापल्यात."

पंत म्हणजे यज्ञेश्वरपंत, देवस्थानचे अध्यक्ष. आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवलं, आता देवाची चाकरी करतात. देवळातली उदबत्ती घरच्या काडेपेटीतल्या काडीनं लावणारा माणूस. मी पोचलो तेव्हा ते एक हात कमरेवर ठेवून वाकडे उभे होते आणि दुसऱ्या हातात कागदाची पुडी होती.

"मुकुंदराव, हे पाहा. मोरचूद! याच्या खोलीत सापडलं. आणि याचा अंगठा पाहा."

जोतीरामाच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली होती. चिंधी काळपट निळी पडली होती.

मोरचूद निळा असतो आणि पाण्यात पडला की मासे मरतात, हे आमच्या भागातलं शेंबडं पोरही सांगेल.

"पंत, आई शप्पत, म्या काय केलं न्हाय," जोतीराम म्हणाला. "मोरचूद लिंबाच्या झाडांवर मारायला आनलाय. अंगठा काल इळ्यानं कापला, त्याला टिंचर लावलंय."

"टिंचर तांबडं असतं, जोतीराम. निळं नसतं."

जोतीराम चिंधी उलटसुलट करून बघायला लागला.

"संध्याकाळी आरतीनंतर बैठक घेऊ," पंत म्हणाले. त्यांचा आवाज रागापेक्षा दुःखानं जड झाला होता. "तोवर खोली रिकामी करून ठेव."

बागेतली ती खोली म्हणजे जोतीरामाचं घर. बहात्तरच्या दुष्काळात तळं आटलं, तेव्हा चिखलात तडफडणारे मासे या माणसानं घागरींतून विहिरीत नेऊन जगवले होते. त्यानंच त्यांना विष घालावं? बजाबाई खोलीच्या उंबऱ्यात उभी होती. ती रडत नव्हती, नुसती भांड्यांकडे बघत होती. मला ते बघवलं नाही.

२

आमच्या घरात गुन्हे शोधण्याचं खातं बायकोकडे आहे. यशोदा मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवते. पोळ्या लाटायला काय शिकवायचं असतं, असं आमचे शेजारी हसून विचारतात. पण दुधावरची साय कोणी खाल्ली हे ती भांड्याकडे न बघता माझ्याकडे बघून सांगते, त्यामुळे मी तिच्या विषयाला हसत नाही.

चहा घेताना मी तिला सगळं सांगितलं.

"पहिल्यापासून सांगा," ती म्हणाली. "त्या दोन यंत्रांचं काय झालं?"

तर झालं होतं असं. तळं मोठं आणि मासे भरपूर. त्यात अमावास्येला, शनिवारी माणसं कणकेच्या गोळ्या टाकायला रांग लावतात. पाणी निवळ ठेवायला गाळणी यंत्र बसवायचं ठरलं. पुण्याच्या एका कंपनीचे विक्रेते रणदिवे एक बंद लोखंडी पिंप घेऊन आले. पंपानं पाणी आत दाबायचं, वाळूतून गाळून बाहेर काढायचं. दुसरीकडे अक्कलकोटकडचा कल्लप्पा म्हणून वेल्डिंगवाला, त्यानं स्वतःच्या डोक्यानं एक गोल टाकी बनवली. वर कापडाचे थर, खाली वाळू, त्याखाली गोटे. पंपानं पाणी वर सोडायचं, ते झिरपत खाली येऊन पन्हाळीतून तळ्यात पडणार. घ्यायचं कुठलं यावर देवस्थानात दोन तट पडले. शेवटी दोघांनी आपापलं यंत्र आळीपाळीनं चालवून दाखवावं असं ठरलं.

रणदिव्यांच्या पिंपानं पाणी आरशासारखं केलं, यात वाद नाही. पण कणकेनं वाळू सारखी तुंबायची, आणि ती मोकळी करायला चांगलं पाणी उलटं सोडून गटारात घालवावं लागायचं. दुष्काळ बघितलेल्या गावात ते माणसांना खपायचं नाही. मग कल्लप्पाची पाळी आली. त्यानं टाकीत जुन्या सोलापुरी चादरी गोल कापून घातल्या आणि झाकण पक्कं करून तो त्याच दिवशी टेंभुर्णीला दुसऱ्या कामावर निघून गेला. दुसऱ्या दिवशी पंतांनी पूजा करून पंप सुरू केला.

"आणि जोतीराम?"

"तो चारचौघांत म्हणाला होता, यंत्र आलं की माझं काय काम? तेच आता त्याला भोवतंय."

"झाकण कोण उघडू शकतं?"

"कोणीही. नटबोल्ट आहेत. पाना कचेरीत खिळ्याला टांगलेला असतो."

यशोदानं कप खाली ठेवला. "तळ्याच्या पायऱ्यांवर गोगलगायी असतात ना? त्या मेल्या का?"

मी तिच्याकडे बघतच राहिलो. मासे मरताहेत, माणसाचं घर जातंय, आणि ही गोगलगायींची चौकशी करते!

"तुम्हाला माहीत नाही ना? मग चला," ती म्हणाली. "आज मला सुट्टी आहे."

३

गोगलगायी जिवंत होत्या. शंख पाठीवर घेऊन पायऱ्यांवरून मजेत फिरत होत्या.

"मोरचूद पडला असता तर आधी या गेल्या असत्या," यशोदा म्हणाली. "शाळेच्या हौदात घातला होता तेव्हा बघितलंय मी." मग तिनं ओंजळभर पाणी घेऊन नाकाशी नेलं. माझ्याही नाकाशी आणलं. आंबूस वास होता, कालच्या उरलेल्या पेजेसारखा.

"मासे विषानं नाही, श्वास कोंडल्यानं मरताहेत. पाण्यात काहीतरी आंबतंय. जोतीराम, ती टाकी बंद कर आणि पंपाचं पाणी उंचावरून थेट तळ्यात पाड. जितकं उडेल तितकं बरं."

"सकाळधरनं बादलीनं तेच करतुया, बाई," जोतीराम म्हणाला. त्यानं पंपाची नळी बांबूला बांधून उंच केली. पाणी फेसाळत पडायला लागलं आणि थोड्या वेळानं मासे तिथं गोळा झाले.

"काल हात कुठं कुठं घातला होतास?"

"पन्हाळीत. पानी बुळबुळीत का येतंय म्हून चाचपून बघितलं. मग चिंधी अशी झाली. पंतांना सांगायला ग्येलो तर त्ये आइकंनात."

यशोदानं ती चिंधी सोडवून घेतली आणि पन्हाळीत साचलेलं पाणी बाटलीत भरून घेतलं. तळ्याच्या मधलं पाणीही दुसऱ्या बाटलीत भरलं.

एवढ्यात रणदिवे आले. गोरे, गोल, सदा हसरे. गेले काही दिवस जवळच्या लॉजवर मुक्काम ठोकून होते.

"वहिनी, मी त्या टाकीला बोट लावलेलं नाही," त्यांनी कोणी न विचारता सांगितलं.

"पण जवळ गेला होता?"

रणदिवे ओशाळले. "रोज जात होतो. शत्रूपक्षाची खबर नको? पंप सुरू झाल्या दिवसापासून पाणी धुरकट होत होतं. कोणाला बोललो नाही. मनातून खूश झालो, खोटं कशाला बोलू!"

"पहिल्या दिवसापासून?"

"अगदी."

म्हणजे काल रात्री कोणी काही टाकलं ही गोष्ट निकालात निघाली. पण हसऱ्या माणसावर माझा विश्वास पटकन बसत नाही. यंत्र बिघडवायचं आणि वर साळसूदपणे तेच सांगायचं, हे विक्रेत्याला अवघड नाही. मी तसं यशोदाच्या कानात सांगितलं. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती देवळाच्या दारातल्या फुलवाल्या सारजाबाईकडे बघत होती.

"सारजाबाई, बसायला छान चादर मिळाली की."

"व्हय की. देवानंच दिली," सारजाबाई म्हणाली. "पूजेच्या आदल्या दुपारी देऊळ बंद हुतं. म्या डोळा लागून उठले तर पारावर घड्या ठिवल्याल्या. वर तुळशीचं पान. कुनी ठिवल्या ठाव न्हाय. चार जनींनी वाटून घेतल्या."

सारजाबाई उठून उभी राहिली तेव्हा मला ते दिसलं. चादर गोल होती.

४

"रणदिवेच!" घरी येईपर्यंत मी तीनदा म्हणालो. "त्यानं चादरी काढल्या, टाकीत भलतंच काही भरलं आणि पुरावा वाटून टाकला."

यशोदा थेट स्वयंपाकघरात गेली. तिनं बटाटा चिरला आणि त्यावर टिंचरचा एक थेंब टाकला. तांबूस थेंब बघता बघता काळानिळा झाला, अगदी जोतीरामाच्या चिंधीसारखा.

"पिष्ट असेल तिथं टिंचर निळं होतं. हे आठवीच्या मुलींना येतं," ती म्हणाली. "अहो, त्या गरीब माणसानं अंगठ्याला टिंचर लावलं आणि पिठूळ पाण्यात हात घातला. मोरचुदाचा काही संबंध नाही."

"पण मग कणकेच्या गोळ्या..."

"त्या तळ्यात पडतात, टाकीत नाही. आणि रणदिव्यांच्या वेळीही पडतच होत्या. तेव्हा पाणी पांढरं झालं नाही." तिनं दोन वाट्यांत दोन बाटल्यांचं पाणी ओतलं आणि दोन्हींत टिंचर टाकलं. तळ्याच्या पाण्यावर जेमतेम निळसर झाक आली. पन्हाळीचं पाणी दौतीतल्या शाईसारखं झालं.

"म्हणजे टाकीतूनच येतंय," मी म्हणालो.

"चादरींच्या जागी जे काही घातलंय त्यातून."

"रणदिव्यानं पिठाचं पोतं ओतलं?"

ती माझ्याकडे बघून हसली. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ते हसू बघून मला आपण परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटतं.

"तुम्ही कधी चोरीचा माल तुळशीपत्र ठेवून वाटलेला बघितलाय का?" तिनं विचारलं. "कल्लप्पाला टेंभुर्णीहून बोलावून घ्या. दुपारच्या एसटीनं आला तर आरतीला पोचेल. टाकी सगळ्यांसमोर उघडायची."

"पण आत काय आहे?"

"तुम्ही नवा सदरा शिवायला टाकता, तेव्हा मी कापड आधी रात्रभर भिजवून का ठेवते?" असं म्हणून ती बटाट्याची भाजी फोडणीला टाकायला गेली. निळी फोड तेवढी तिनं वगळली.

५

आरती झाली. तळ्याकाठी वीस-पंचवीस माणसं जमली. जोतीरामाच्या खोलीबाहेर एक ट्रंक, एक वळकटी आणि घासून लख्ख केलेली भांडी ठेवलेली होती. बजाबाईनं जाताना सुद्धा भांडी घासली होती. कल्लप्पा धुळीनं माखलेला, एसटीतून उतरून तसाच आला होता.

"माझ्या टाकीत खोट न्हाय," तो येता येताच म्हणाला. "माझ्या बायकोनं, निंगव्वानं, त्या चादरी आठ वेळा आपटून धुतल्यात. लोक हसले तिला."

"मग उघड," यशोदा म्हणाली.

बोल्ट सुटले. कल्लप्पानं झाकण उचललं, आत हात घातला आणि "अय्योऽ!" करून मागं सरला. त्याच्या हातात चादर नव्हती. कोरं मांजरपाट होतं, पांढरं, जाड, गोल कापलेलं. एकावर एक थरच्या थर. बोटांना पिठाची बुळबुळीत खळ लागत होती.

"मांजरपाटाला खळ किती असते हे सोलापुरात मी सांगायला नको," यशोदा म्हणाली. "अख्खं ठाण न धुता घातलंय. पंपाचं पाणी रात्रंदिवस त्यातून गेलं. सगळी खळ तळ्यात उतरली, उन्हानं आंबली, मासे कोंडले. जोतीरामाची चिंधीही त्या खळीनंच निळी झाली." मग तिनं टिंचरची बाटली काढून मांजरपाटावर एक थेंब टाकला. कापडावर काळानिळा डाग उमटला.

लोकांत कुजबूज झाली आणि सगळ्यांच्या माना रणदिव्यांकडे वळल्या. त्यांचं हसू पहिल्यांदाच मावळलं. "मी नाही हो! देवाशप्पथ!" मागून कोणीतरी "धरा त्याला" म्हणालं. कल्लप्पानं तर पाना मुठीत घट्ट धरला.

"थांबा," यशोदा म्हणाली. "कापडाची कड बघा."

प्रत्येक थराच्या कडेला हळदकुंकवाचं बोट होतं. पाण्यानं फिकट झालेलं, पण होतं.

"घात करणारा माणूस हळदकुंकू लावत नाही," ती शांतपणे म्हणाली. "काढलेल्या चादरींवर तुळशीपत्र ठेवून दान करत नाही. ज्यानं हे केलं, त्याला एवढंच वाटलं की माणसांनी अंगाखाली घेतलेल्या चादरी देवाच्या पाण्याला कशा चालतील? देवाला कोरंच वस्त्र हवं. आणि कोरं म्हणजे न धुतलेलं. त्यानं ते केलं भक्तीनं आणि सांगितलं नाही तेही भक्तीनंच. चोर शोधायचा नाहीच आहे इथं."

मला एकदम पंतांचा कमरेवरचा हात आठवला. वाळूवरून चादरींचे थर एकट्यानं उपसायचे आणि नवे घालायचे, म्हणजे साठी उलटलेल्या कमरेचं काय होणार? मी मान वर केली नाही.

यशोदा पंतांसमोर जाऊन उभी राहिली. आवाज इतका मऊ, की मागच्यांना ऐकूही गेला नसेल.

"पंत, एक शंका आहे. गुप्तदान बोलून दाखवलं की पुण्य जातं म्हणतात. पण न बोलण्यानं कुणाचं घर जात असेल तर?"

पंतांनी मांजरपाटाच्या कडेवरच्या कुंकवावरून एकदा बोट फिरवलं. मग हळूच पायऱ्या उतरून जोतीरामासमोर गेले.

"जोतीराम, ते कापड मी घातलं. मला वाटलं, नव्या कापडानं झालं तर भलंच होईल. त्याचा आणि या पाण्याचा संबंध माझ्या मनातसुद्धा आला नाही रे. आणि मी तुझ्यावर..." त्यांनी हात जोडले.

जोतीराम घाबरून दोन पावलं मागं सरला. "आवं, हात कशाला जोडताय! पाप लागंल मला." मग त्यानं तळ्याकडे बोट दाखवलं. "बगा की. मासं खाली ग्येलं. आता वर येऊन आ करनारा योक बी न्हाय."

खरंच पाणी अजून पांढुरकं होतं, पण शांत होतं. बजाबाईनं कोणाला न विचारता वळकटी उचलली आणि आत नेली.

६

पंत मात्र अडून बसले. कल्लप्पाच्या टाकीची कसोटी पुन्हा घ्यायला त्यांची ना नव्हती, पण उष्टी, वापरलेली कापडं देवाच्या पाण्यात नकोत म्हणजे नकोत. "मांजरपाटच धुऊन घाला," ते म्हणाले.

"धुऊन धुऊन ते जुनं व्हायला दोन वर्षं जातील," यशोदा म्हणाली. "पंत, तुमच्या घरी नातू झाला तेव्हा त्याला पहिल्यांदा कशात गुंडाळला? नव्या कापडात?"

"छे, छे! नवं कापड टोचतं बाळाला. जुनेरात. त्याच्या आजीच्या..." पंत बोलता बोलता थांबले. त्यांची पत्नी नातवाच्या बारशानंतर फार दिवस जगली नव्हती.

"बाळाला जुनेर चालतं, मग बाळकृष्णाच्या माशांना का नाही?"

पंत छत्री उचलून घरी गेले. मला वाटलं, दुखावले.

पण दुसऱ्या दिवशी त्यांनी 'भरा चादरी' एवढाच निरोप पाठवला, आणि कल्लप्पाची टाकी धुतलेल्या जुन्या चादरींनी पुन्हा भरली. तळ्याचा तळ दिसायला लागला, पाण्याखालच्या पायऱ्याही मोजता येतील असा. कापड तुंबलं की जोतीराम वरचा थर काढायचा, बादलीभर पाण्यात खळबळायचा आणि ते पाणी लिंबाच्या झाडांना घालायचा. थेंब वाया जात नव्हता. बैठकीत कल्लप्पाची टाकी घ्यायचं ठरलं, पंप रणदिव्यांचा. "निम्मा जिंकलो, वहिनी," म्हणून रणदिवे हसत हसत पुण्याला गेले. यंत्र सांभाळायला माणूस लागतो हे सगळ्यांना कळलं होतं, त्यामुळे जोतीरामाला हलवायचा विषय कोणी काढलाही नाही.

पुढच्या शनिवारी, ऐन गर्दीच्या वेळी, कणकेच्या गोळ्या टाकणारी माणसं रांगेत असताना पंत आले. खांद्यावर एक गाठोडं होतं. त्यांनी ते सर्वांसमोर पायरीवर सोडलं. आत लुगडी होती. विटलेली, धुऊन धुऊन मलमलीसारखी मऊ झालेली, एकेकाळची हिरवी, एकेकाळची डाळिंबी.

"जोतीराम, हे वरच्या थराला घाल," पंत म्हणाले. "इतकी वर्षं पेटीत जपून ठेवली. तिच्या हातानंच धुतलेली आहेत, खळीचा कण सापडायचा नाही."

जोतीरामानं लुगडी दोन्ही हातांनी घेतली. कापायला कात्री आणू का, असं विचारायचं त्याच्या तोंडावर आलं होतं, पण तो थांबला. मग त्यानं ती न कापता, घडीवर घडी घालून, टाकीत गोल बसवली.

मी जवळ जाऊन हळू आवाजात विचारलं, "पंत, हे दान कोणाच्या नावानं मांडू? की गुप्तच ठेवायचं?"

"गुप्त?" पंत म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते, पण चेहरा हसत होता. ते रांगेकडे वळले आणि वर्गात म्हणायचे तसे खणखणीत आवाजात म्हणाले, "सगळ्यांना सांगा. ही माझ्या पद्मजेची लुगडी आहेत."

जोतीरामानं पंप सुरू केला. पन्हाळीतून पाणी पडायला लागलं, आणि मासे त्या धारेखाली येऊन थांबले.